इंजिनावरून भाकरतुकडा

१

शुक्रवार, नऊ मे, दुपारी एक वाजून वीस मिनिटं.

वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे ती नळामुळे. बदलापूर पूर्वेला, शिरगावात, किर्तीच्या गल्लीत दीडला पाणी सुटतं. एक वाजला की ती हंडे घासून ओळीने लावते, पिंप मोकळं करते आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरवताना एक डोळा घड्याळावर ठेवते. त्या दिवशी काटा वीसवर आला आणि दारात टेम्पो थांबला.

“किर्ती, दार सताड उघड! आणि सोनूला मागे घे!”

हा भगवंत, तिचा नवरा. अंबरनाथ एमआयडीसीत मशीनवर कामाला, शुक्रवारी कंपनीला सुट्टी. पण काम ठेकेदाराकडचं, आज आहे उद्या नाही. म्हणून त्याने एक जुनी व्हॅन घेऊन दारात लावली होती. तिचं इंजिन गेलं होतं. दुसरं इंजिन आणायचं, घरच्या घरी बसवायचं, आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की पोरांची ने-आण करायची, असा त्याचा बेत. चार वर्षांची सोनूही जूनपासून शाळेत जाणार होती. बापाच्याच व्हॅनमधून, पुढच्या सीटवर बसून. आता ह्या व्हॅनचं इंजिन पुढच्या नाकाडात नसतं, पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की खाली इंजिन. म्हणजे पोर त्याच्यावरच बसणार. किर्तीला हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

भगवंत आणि सनी इंजिन बांबूला दोराने बांधून, खांद्यावर घेऊन आले. वरून बारदान टाकलेलं. सनी भगवंताचा आयटीआयपासूनचा दोस्त, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जुन्या गाड्यांचे भाग मिळतात त्या गल्लीत काम करतो. इंजिन त्यानेच शोधलं होतं.

“अपघातातलं नाही ना, भाऊजी?” किर्तीने आधी फोनवर दोनदा विचारलं होतं.

“नाय वहिनी, एकदम साफ माल. आठ महिने दुकानात कोपऱ्यात बसून होतं, शाण्या पोरासारखं.”

तरीही ते दारात आलं तेव्हा तिला ते पटेना. कुणाचं, कुठून आलेलं, ते असं सरळ घरात घ्यायचं? सासूबाई असत्या तर काय करायचं ते त्यांनी सांगितलं असतं, पण त्या लेकीकडे गेलेल्या. मग किर्तीला जे येत होतं ते तिने केलं. सोनूला दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा सासूबाईंनी दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, पायांवर पाणी घातलं होतं. तिने गरम भाकरीचा तुकडा मोडला आणि तांब्या भरून उंबऱ्यात उभी राहिली.

“थांबा. तसंच नका आणू आत.”

“अगं, खांदा मोडतोय इकडे!”

“एक मिनिट हो.”

तिने तुकडा तीनदा इंजिनावरून ओवाळला आणि बाहेर लांब टाकला. सनी हसायला लागला. “क्या वहिनी, इंजिनाला बाळंतिणीसारखं घेताय! आता पेज पण पाजा त्याला.”

भगवंतही हसला. किर्तीने तांब्यातलं पाणी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना ओतलं. थोडं बारदानाखालच्या लोखंडावर उडालं.

चर्रर्र झालं. तापल्या तव्यावर शिंतोडा उडावा तसं.

मग भगवंत म्हणाला, “ऊन केवढं आहे! लोखंड तापणारच की.”

खरं होतं. मे महिना, बदलापूरचं ऊन. हंडे भरता भरता मात्र तिच्या लक्षात आलं, की टेम्पोवर ताडपत्री होती, आणि ताडपत्रीखाली बारदान.

२

इंजिन बसवायचं होतं पुढच्या शुक्रवारी. तोवर ते दारात ठेवलं असतं तर भंगारवाल्यांनी रातोरात उचललं असतं. म्हणून बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या कोपऱ्यात, जुन्या टायरवर ठेवलं. घरातला एकच पंखा त्याच खोलीत. सोनूची दुपारची गोधडी पंख्याखाली, कोपऱ्यापासून दोन हातांवर.

शनिवारी भगवंत कामावर गेला. सोनू निजली. किर्ती हंडे लावत होती.

टिक.

तिला वाटलं घड्याळ.

टिक. टिक-टिक.

घड्याळाचा आवाज सारखा असतो. हा थांबून थांबून येत होता. गाडी लांबून धावत येऊन दारात बंद केली, की तिच्या पोटातून लोखंड निवल्याचा जो आवाज येतो ना, अगदी तो. किर्तीने मान वर केली. एक वाजून वीस मिनिटं.

ती इंजिनाजवळ गेली. पोराचा ताप बघतात तसा पालथा हात लावून बघितला. गरम होतं. चटका बसेल इतकं नाही, अंगावर झोपलेल्या पोराची पाठ लागते तेवढं. हात पलीकडे, भिंतीच्या बाजूला नेला. तिकडे गार.

तिने मनाशी हिशोब मांडला. पत्र्याचं छप्पर, वर ऊन. तापलं असेल. पण खिडकी भिंतीकडे, ऊन भिंतीकडून येणार, मग भिंतीकडची बाजू गार कशी? सातवीपर्यंत ती शिकली होती. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं आणि वाजतं, हे पुस्तकात होतं. पण निवायला आधी तापावं लागतं.

दीडला नळ फुसफुसला आणि आवाज थांबला.

रविवारी तोच प्रकार, सोमवारी तोच. मंगळवारी सकाळपासून ढग होते, उन्हाची तिरीप नव्हती. किर्तीला हायसं वाटलं. आज काही व्हायचं नाही, मग भगवंताला हसून सांगू, की मला काय काय वाटत होतं. एक वाजून वीस मिनिटांनी टिक झालं तेव्हा तिच्या हातातून हंडा सुटला. सोनू दचकून उठली नाही. नुसती कुशीवर वळली. कोपऱ्याकडे.

तेव्हा किर्तीला समजलं की गरम बाजू आहे ती गोधडीकडची.

३

तिने सासूबाईंना फोन लावला. गोदूबाई बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावर लेकीकडे होत्या. तिकडे रेंज येते-जाते, त्यामुळे त्या फोनवर कायम ओरडूनच बोलतात.

“भाकरतुकडा? कशावरून म्हनलीस?”

“इंजिनावरून, आई.”

“अगो बाय माझे! लिंबू ठेवायचा चाकाखाली, नारळ फोडायचा रस्त्यावर. भाकरतुकडा मानसावरून टाकतात गो!”

“पण केलं तर काय होतं?”

“काय व्हायचंय. बाहेरून आलेल्या मानसाच्या मागं जे लागलं असंल ते बाहेर ऱ्हावं, आन मानूस तेवढा घरात यावा, म्हनून करायचं ते. इंजिनात मानूस कुठला?”

“नाहीच ना,” किर्ती म्हणाली.

“मंग झालं तर.”

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. बोलणं संपलं असं वाटून किर्ती फोन ठेवणार, तेवढ्यात आवाज आला. ह्या वेळी हळू.

“किर्ते, पाणी घातलंस?”

“घातलं.”

“बरं. पोरीची गोधडी जरा लांब घाल. मी येते पुढल्या आयतवारी.”

किर्तीने गोधडी आतल्या खोलीत घातली. सोनू पंख्याशिवाय झोपेना, तासभर रडली, आणि शेवटी स्वतःच उशी ओढत बाहेर येऊन, होती तिथेच झोपली.

४

सोळा तारखेच्या शुक्रवारी सकाळी सातलाच सनी आला. व्हॅन आधीच लाकडी ठोकळ्यांवर उचललेली. ह्या व्हॅनचं इंजिन वरून निघत नाही, खालून सोडावं लागतं. दोघं गटारात पडल्यासारखे व्हॅनखाली पडून होते आणि नुसते पाय आणि शिव्या बाहेर येत होत्या.

“भग्या, जॅक पकड! अरे पकड म्हणजे पकड, कुरवाळू नको!”

“तूच घेतलीस ना ही अवदसा शोधून!”

जुनं इंजिन खाली आलं. नवीन बाहेर आणताना किर्तीने सोनूला कडेवर घट्ट धरलं होतं. उन्हात आणल्यावर बारदान काढलं. बाजूच्या लोखंडी पट्टीवर पिवळ्या रंगाचे थेंब उडालेले. शाळेच्या गाडीचा पिवळा. आपली व्हॅनही आता ह्याच रंगाची व्हायची, असा विचार तिच्या मनात आला आणि तो तिला आवडला नाही.

“अरे, हे काय?” सनी खाली वाकला.

एका पाण्याच्या नळीला, आत, हात मुश्किलीने जाईल अशा जागी, लाल फीत बांधलेली होती. शाळेतल्या मुली वेण्यांना बांधतात ती.

“ड्रायव्हर लोक वायर बांधायला काय पण वापरतात, वहिनी. मला एकदा चड्डीची नाडी सापडली होती. पूर्ण! गाठीसकट!” सनीने फीत काढून तिच्या हातात दिली आणि बोटं पँटला पुसली.

किर्तीने फीत उलटून पाहिली. वायर आवळून बांधायला गाठ मारतात. ह्या फितीला गाठ नव्हती. फूल होतं. दोन्ही पाकळ्या सारख्या, शेपट्या सारख्या लांबीच्या. रोज सकाळी घाईत, पण नीट, एखादी आई बांधते तसं. सनीने ओढून सोडलं होतं, पण घड्यांवरून सगळं कळत होतं.

फेकून द्यायची तर लहान पोरीची वस्तू उकिरड्यावर कशी टाकायची? तिने ती धुतली आणि फडताळावर, डब्यामागे ठेवली.

बारा वाजता इंजिन जागेवर बसलं. जोडाजोडी झाली, पाणी भरलं, ऑइल भरलं. भगवंताने किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू. आवाज इतका गोड, की सनीने शिट्टी मारली.

“सुन भावा, सुन! शिवणाची मशीन आहे ही!”

भगवंताचा चेहरा किती दिवसांनी असा फुलला होता. तो सोनूला उचलून पुढच्या सीटवर बसवायला निघाला, तर किर्ती मध्ये आली.

“उद्या. आज नको. आज तिचं जेवण व्हायचंय.”

पण खरं सांगायचं तर तिलाही बरं वाटत होतं. घरातून गेलं होतं ना ते! कोपऱ्यात टायरच्या मापाचा तेलाचा गोल डाग राहिला होता, तेवढा तिने सोडा टाकून घासला. पुरता गेला नाही. म्हटलं, जाईल हळूहळू.

त्या दिवशी एक वाजून वीस मिनिटांनी दोघं व्हॅन घेऊन फेरी मारत होते, सोनू दारात टाळ्या वाजवत होती, आणि घरात आवाज झाला की नाही ते कुणीच ऐकलं नाही.

५

शनिवारी ऐकलं.

टिक. टिक-टिक.

किर्ती आधी व्हॅनकडे धावली. भगवंत रिक्षाने कामावर गेलेला, व्हॅन सकाळपासून बंद. पुढची सीट उचलून इंजिनावर पालथा हात ठेवला. सावलीतल्या लोखंडाइतकं गार. कान लावला. काही नाही. मेलेलं लोखंड.

ती परत घरात आली. आवाज कोपऱ्यातून येत होता. तेलाच्या डागावर काहीही नव्हतं. मोकळी फरशी, आणि त्या मोकळ्या जागेतून, जमिनीपासून हातभर वरून, टिक.

सोनू कोपऱ्याकडे तोंड करून झोपलेली. किर्तीने तिच्या कपाळाला हात लावला. ठीक होतं. पाठीला लावला. ठीक. मग पोटाकडून, भिंतीच्या बाजूने हात फिरवला आणि हात मागे घेतला.

पोर एका बाजूने तापली होती.

थर्मामीटर घरात होता. डाव्या काखेत लावला, अठ्ठ्याण्णव. उजव्या काखेत लावला, एकशे दोन. तिने झटकून पुन्हा लावला. तेच. दीडला नळ आला, आणि पाच मिनिटांत दोन्ही काखांत अठ्ठ्याण्णव.

डॉक्टर म्हणाले, “ताई, काखेत नीट धरलं नसेल. मूल खेळतंय, जेवतंय. तुम्ही झोप घेता का?”

झोप ती घेत नव्हतीच. रात्री भगवंताशी वाजलं.

“नऊ पोरांच्या आया हो म्हणाल्यात मला. नऊ! आणि तू म्हणतेस इंजिन काढा?”

“इंजिनाचं काही नाही हो. इंजिन चांगलंय. ते गेलं बाहेर.”

“मग?”

“ज्याच्यात बसून आलं ते गेलं. आलं ते...”

भगवंताने दिवा बंद केला. पण कुशीवर वळताना त्याने कोपऱ्याकडे पाठ केली नाही, हे तिने पाहिलं.

६

गोदूबाई रविवारी आल्या. सोनूला त्यांच्यापाशी सोडून, सोमवारी भगवंताने सुट्टी टाकली आणि दोघं व्हॅनने उल्हासनगरला गेले. इंजिन कुणाच्या गाडीतलं, तेवढं विचारायचं होतं. किर्ती पुढच्या सीटवर बसली. गाडी पाण्यासारखी चालली. सीटखालून साधी उष्णता, साधी थरथर. तिला वाटेत एकदम हलकं वाटायला लागलं. हलकं वाटतंय म्हणजे जे जड आहे ते घरीच आहे, हे लक्षात आलं आणि तिने भगवंताला वेग वाढवायला सांगितला.

सनीने दुकान दाखवलं. शेठ म्हातारा, सिंधी, कपाळाला चष्मा. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं असं वाटून आधीच हात जोडून उभा.

“वापस नहीं होगा, बेटा. चालू करके दिया है.”

“वापस नहीं करना, शेठ. किसकी गाडी का था?” भगवंताने विचारलं.

“इधर गाडी आती है. गाडीवाला नहीं आता. कबाडी लाया, उसको दूसरे कबाडी ने दिया. किसको मालूम?”

“पीली गाडी थी ना? स्कूल की?” किर्ती मध्येच म्हणाली.

“पीली तो कितनी आती है.” त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि किर्तीकडे नीट पाहिलं. “क्यों भाभी? आवाज करता है?”

“इधर करता था? दोपहर में?”

“दोपहर में कौन सुनेगा? एक से चार दुकान बंद रहता है.”

सनी ह्या वेळी हसला नाही. निघताना व्हॅनच्या खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, “वहिनी, ती फीत फेकली नाही ना? नका फेकू.”

७

घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. गोदूबाई सोनूला मांडीवर घेऊन बाहेर ओट्यावर, उन्हात बसल्या होत्या.

“आई, उन्हात का?”

“आत होते बसलेले. मंग आले बाहेर.”

“का?”

म्हातारीने पदराने सोनूचं तोंड पुसलं. “पंख्याखाली जागा नव्हती गो.”

भगवंताने दारातून आत डोकावून पाहिलं.

संध्याकाळी गोदूबाई तांदूळ निवडत होत्या. किर्ती शेजारी बसली. “काढायचं कसं, आई?”

“भाकरतुकडा टाकून घेतल्यावर काढत नसतात. आपन होऊन घेतलंय. हाकललं तर ते जातं, पन येकटं जात नाय. सोबत घेऊन जातं.” त्यांनी एक खडा उचलून लांब टाकला. “त्याच्या मानसानं यायला हवं. नाव घेऊन न्यायला हवं.”

“आणि तोवर?”

“तोवर काय? घरात पोर हाय म्हनून वाग.”

मंगळवारी किर्तीने स्वयंपाक लवकर उरकला. सोनू झोपली, तिच्याजवळ सासूबाई बसल्या, हातात जपमाळ. भगवंत दुपारपाळीला जायचं म्हणत म्हणत गेलाच नव्हता, दारात उभा होता. किर्तीने छोट्या ताटलीत भाकरी चुरून वर दूध घातलं. गुळाचा खडा ठेवला. ताटली कोपऱ्यात, डागाच्या कडेला ठेवली आणि घड्याळाखाली बसली.

एक वीस.

टिक.

काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते रोजचंच, कुठल्याही पोराला दारातून आत येताना सांगतात ते.

“हातपाय धुऊन घे. मग जेवायला बस.”

मोरीत तांब्या वाजला. भगवंताने चौकट धरली. किर्तीने नजर जमिनीवर ठेवली होती, म्हणून तिला दिसलं. मोरीच्या उंबऱ्यापासून फरशीवर एक ओला ठसा उमटला. मग दुसरा. सोनूच्या पावलापेक्षा मोठे, बाईच्या पावलापेक्षा बरेच लहान. खोलीच्या मधून, गोधडीला वळसा घालून, कोपऱ्यापर्यंत.

सोनूचे तळवे गोधडीबाहेर होते. कोरडे, धुळीने मळलेले.

किर्तीने ठरवलं होतं, वर बघायचं नाही. पण आईची नजर ती. ताटलीकडे गेलीच.

पाठ होती. भिंतीकडे तोंड करून, गुडघे जवळ घेऊन, घरी न्यायला कुणी आलं नाही म्हणून शाळेच्या पायरीवर पोरं बसतात तशी. आकाशी शर्ट. दोन वेण्या. एक वर दुमडून लाल फितीने बांधलेली, फूल केलेली. दुसरी सुटून पाठभर पसरलेली. मानेवर लालबुंद घामोळं.

किर्तीच्या मनात भीतीच्या आधी जे आलं ते इतकंच, की ह्या पोरीला कुणी पावडर लावली नाही का.

ती मान हलली. वळायला लागली.

नळ फुसफुसला, पिंपात पाण्याची धार पडली. कोपऱ्यात ताटली होती, तशीच भरलेली. दुधावर साय धरली होती आणि दूध कढत होतं.

गोदूबाईंनी सोनूच्या दोन्ही बाजूंना हात लावून पाहिला. “गार हाय,” म्हणाल्या. मग हातातली माळ त्यांनी सोनूच्या उशाखाली सरकवली.

८

तेव्हापासून रोज तसंच चाललंय. एक वाजून वीस मिनिटांनी किर्ती सांगते, हातपाय धू, जेवायला बस. ताटली ठेवते. जवळ पावडरचा डबाही ठेवते. वर बघत नाही. ती पोर जेवायला बसली की सोनूला ताप येत नाही. एकदा दाखल्यासाठी किर्तीला तहसीलला थांबावं लागलं, यायला पावणेदोन झाले, तर सोनू दोन्ही काखांत एकशे तीन.

शाळा उघडल्या. भगवंत नऊ पोरं नेतो, नऊ पोरं आणतो. शेवटचं पोर सोडून तो सव्वा वाजता दारात येतो, आणि कुणी सांगितलेलं नसताना मागचं सरकतं दार उघडून ठेवतो. नळ आला की लावतो. विचारलं तर म्हणतो, हवा खेळू दे. सोनू त्या व्हॅनमधून जात नाही. तिला किर्ती हात धरून, चालत नेते.

हे असं वर्षभर निभावलंही असतं. आई म्हणून एकीच्या जागी दोघींचं केलं असतं तिने. पण परवा सकाळी शाळेसाठी वेण्या घालताना सोनूने डोकं मागे ओढलं.

“आई, दोन फिती नको. एकच बांध.”

“का गं?”

“दुसरी गाडीत राहिली ना.”

फितीबद्दल घरात कुणीही तिला काही सांगितलेलं नाही. फडताळ तिच्या हाताला येत नाही. आणि काल दुपारी किर्तीने ताटली ठेवली, हाक मारली, तेव्हा मोरीत जाऊन तांब्या उचलला तो सोनूने. डोळे मिटलेले. पाय धुतले, कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या शेजारी फरशी ओली होती.

म्हणून किर्ती आता भेटेल तिला सांगते आहे. नळावर, रेशनच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी. सनी उल्हासनगरात सांगतो, भगवंत अंबरनाथला. हे वाचलंत तर तुम्हीही सांगा. पिवळ्या व्हॅनने दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी घरी येणारी, आकाशी शर्टाची, दोन वेण्यांची पोर ज्या घरात आता येत नाही, त्या घरापर्यंत हा निरोप पोचवा. शिरगाव, पिठाच्या गिरणीमागची गल्ली, दारात व्हॅन उभी असते. पोर आमच्याकडे आहे. उपाशी ठेवलेली नाही. फीत धुऊन जपून ठेवली आहे.

तिच्या आईला म्हणावं, लवकर ये. उंबऱ्याच्या आत येऊ नको, बाहेरूनच हाक मार. आणि हाक मारताना पूर्ण नाव घे, आडनावासकट, म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या दोघींपैकी कुणी उठायचं ते त्यांना कळेल.